लोहचुंबकाला प्रथिन कळत नाही

सांगलीत हळद दळणाऱ्या गिरण्यांमध्ये, पल्व्हरायझरमधून पिवळी पूड जिथे खाली पोत्यात उतरते तिथे, लोहचुंबकाची एक पट्टी बसवलेली आढळते. हळकुंड दगडासारखे टणक असते. ते फोडता फोडता यंत्राचे लोखंडी भाग झिजतात आणि त्यांचा बारीक चुरा पुडीत मिसळतो. संध्याकाळी गिरणीवाला ती पट्टी बाहेर काढतो, तेव्हा तिच्यावर हळदीने माखलेले काळे केस ताठ उभे राहिल्यासारखे दिसतात. फडक्याचा एक हात फिरवला की पट्टी पुन्हा कामाला तयार होते. लोखंड चुंबकाकडे गेले, हळद पोत्यात गेली आणि दोन गोष्टी वेगळ्या करण्याचे काम कसलीही खटपट न करता पार पडले.

प्रथिने वेगळी करणाऱ्या माणसाला या पट्टीचा हेवा वाटावा अशी स्थिती आहे, कारण त्याच्या हातातले मिश्रण हळदीच्या पुडीपेक्षा कितीतरी अधिक गुंतागुंतीचे असते आणि त्याला हवी असलेली वस्तू चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये तर प्रत्यक्ष लोह असते, तरीही साधे चुंबक धरून रक्त ओढले जात नाही. मग गेल्या काही दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये चुंबकाने प्रथिने वेगळी केली जातात ती कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. थोडक्यात सांगायचे तर, चुंबकाकडे जाणारा एक अतिसूक्ष्म कण घ्यायचा, आपल्याला हव्या असलेल्या प्रथिनालाच धरील असा आकडा त्याच्या अंगावर बसवायचा, आणि मग चुंबकाने तो कण ओढायचा. प्रथिन त्या कणाला धरून येते. या तीन पायऱ्यांपैकी चुंबकाची पायरी सर्वांत सोपी आहे आणि शुद्धतेशी तिचा संबंध फारच थोडा आहे, हे मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

आधी अडचण काय आहे ते पाहू. मधुमेहावरचे मानवी इन्सुलिन १९८२ पासून जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतले जाते. एश्चेरिशिया कोलाय या नेहमीच्या जिवाणूत चार हजारांहून अधिक जनुके असतात. त्याची पेशी फोडली की आपल्याला हवे असलेले एक प्रथिन हजारो इतर प्रथिनांच्या, चिकट डीएनएच्या, स्निग्ध पदार्थांच्या आणि क्षारांच्या गढूळ काल्यात तरंगताना मिळते. त्यातून ते एकटे काढण्याची रुळलेली रीत म्हणजे कॉलम. एका उभ्या नळीत अगरोजसारख्या पदार्थाचे मऊ, सच्छिद्र मणी ठासून भरायचे आणि वरून तो द्रव सावकाश सोडायचा. प्रथिने मण्यांच्या छिद्रांत शिरतात, काही आत अडकतात, बाकीची पुढे वाहून जातात. ही रीत उत्तम आहे, पण तिला स्वच्छ द्रव लागतो. रसवंतीतल्या गाळणीवर चोथा साठला की रस कडेने ओसंडू लागतो, तशीच गत गढूळ काला थेट ओतल्यास कॉलमची होते. म्हणून आधी सेंट्रिफ्यूज करायचे, म्हणजे नळी वेगाने गरगर फिरवून गाळ तळाशी बसवायचा, मग गाळायचे आणि मग कॉलम, असा क्रम लागतो. त्यात अर्धा दिवस सहज जातो आणि तेवढ्या वेळात पेशीतलीच विकरे (एन्झाइम) आपल्या प्रथिनाचे लचके तोडत राहतात.

आता कणाकडे वळू. कृष्णेच्या काठी वाढलेल्या बहुतेक मुलांनी जुन्या स्पीकरमधले चुंबक कधी ना कधी वाळूतून फिरवून पाहिलेले असते. त्याला जे काळेभोर कण चिकटतात, त्यांत मॅग्नेटाइट हे खनिज असते. लोहाच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे चार अणू अशी त्याची घडण आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ते थोड्या टायटॅनियमसह विखुरलेले असते आणि खडक झिजला की नदी ते वाळूबरोबर खाली आणते. प्रयोगशाळेतला चुंबकीय नॅनोकणही बहुधा मॅग्नेटाइटचाच असतो, मात्र तो वाळूतल्या कणापेक्षा हजारो पटींनी लहान असतो. तो इतका लहान का लागतो, हे त्या मुलांच्याच खेळातून उमगते. चुंबकावरून ओरबाडून काढलेले काळे कण पुष्कळदा एकमेकांना धरून राहतात, कारण चुंबक दूर गेल्यावरही त्यांच्यात थोडे चुंबकत्व उरलेले असते. खेळताना त्याने काही बिघडत नाही. प्रथिनाच्या कामात मात्र कण पुन्हा पुन्हा द्रवात पसरायला हवेत, नाहीतर गुठळीच्या पोटात अडकलेली घाण धुतलीच जात नाही.

मॅग्नेटाइटचा कण साधारण वीस-पंचवीस नॅनोमीटरपेक्षा लहान झाला की त्याच्या वागण्यात मोठा फरक पडतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढ्या छोट्या कणातले सगळे अणू मिळून एकच इवलेसे चुंबक बनते, परंतु नेहमीच्या तापमानाची उष्णतासुद्धा त्या चुंबकाची दिशा क्षणोक्षणी उलटीपालटी करायला पुरेशी असते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४९ मध्ये याचे गणित मांडले आणि पुढे १९७० मध्ये चुंबकत्वावरील कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लोणंदला माउलींची पालखी येण्याआधी रस्त्यावरची गर्दी पाहिली असेल तर हे चटकन कळेल. जो तो आपापल्या दिशेला पाहत असतो. पालखी समोर आली की सगळ्यांची तोंडे एकदम तिकडे वळतात, आणि ती पुढे गेली की पुन्हा ज्याची त्याची वाट. नॅनोकण चुंबकासमोर असेच एका दिशेला वळतात आणि जोराने ओढले जातात. चुंबक काढून घेतले की सारे विसरून द्रवात मोकळे होतात. या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. नाव बोजड आहे, पण त्यातली विसरण्याची खुबी नसती तर ही पद्धत उभीच राहिली नसती.

असे कण बनवणे अवघड नाही. फ्रान्समधील रेने मासार यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत आजही पदवीच्या वर्गात करून दाखवता येते. फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन या प्रमाणात पाण्यात विरघळवायचे, द्रव जोरात ढवळत ठेवायचा आणि त्यात अमोनिया सोडायचा. नारिंगी-पिवळा द्रव पाहता पाहता शाईसारखा काळा होतो, आणि चंचुपात्राच्या तळाशी चुंबक धरले की तो काळेपणा खाली बसतो. हे सर्व नायट्रोजन वायूच्या आवरणात करावे असे पुस्तकात लिहिलेले असते. एका वर्षी आमच्याकडचे नायट्रोजनचे सिलिंडर संपलेले होते आणि तेवढ्यावाचून काय अडणार आहे, अशा समजुतीने मी तसाच प्रयोग लावला. विद्यार्थ्यांच्या नळ्यांमध्ये काळ्याऐवजी तपकिरी गाळ आला. हवेतल्या ऑक्सिजनने मॅग्नेटाइटचे रूपांतर मॅग्हेमाइटमध्ये झाले होते. मॅग्हेमाइटही चुंबकाकडे जाते, त्यामुळे तास वाया गेला नाही, पण ओढ थोडी कमी पडते आणि कशात काय मिसळले आहे याची खात्री राहत नाही.

लहान कणांचा दुसरा लाभ पृष्ठभागाचा आहे. प्रथिन कणाच्या पोटात शिरत नाही, अंगावर बसते, म्हणून बसायला जागा किती हाच खरा प्रश्न ठरतो. एक मिलिमीटर व्यासाचे मॅग्नेटाइटचे गोळे एक ग्रॅम घेतले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे साडेअकरा चौरस सेंटीमीटर भरतो, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढा. तोच एक ग्रॅम दहा नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात घेतला तर पृष्ठभाग सुमारे ११५ चौरस मीटर होतो. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हा चिमूटभर काळ्या भुकटीत गुंठ्याहून जास्त जागा दडलेली आहे. प्रथिनांचा एक थर दाटीवाटीने बसला तर दर चौरस मीटरवर साधारण एक ते तीन मिलिग्रॅम मावतात, हे लक्षात घेतले की ही जागा किती मोलाची आहे ते कळते. शिवाय सगळी जागा बाहेरच्या बाजूला, उघड्यावर असते. कॉलममधल्या मण्याच्या आतल्या बोळांतून प्रथिनाला चाचपडत जावे लागते, तसे इथे लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण नॅनो या शब्दाच्या मोहात ती बरेचदा गाळली जाते. चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानावर अवलंबून असते. व्यास दहापट घटला की ओढ हजारपट घटते. दहा नॅनोमीटरच्या एकट्यादुकट्या कणाला पाण्याचे रेणू चारी बाजूंनी इतके ढकलत असतात की साध्या चुंबकाला तो दाद देत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ नॅनोमीटरच्या कणांनी पाण्यातले आर्सेनिक काढून दाखवले आणि असे कण तुलनेने दुबळ्या चुंबकानेही ओढता येतात हे पुढे आले, पण त्यामागेही कण एकेकटे न वागता एकमेकांना खेचत झुंडीने जातात हेच कारण मानले जाते. एक उपाय म्हणजे नळीत बारीक पोलादी तारांचा गुंता भरून बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावणे. प्रत्येक तारेजवळ क्षेत्र एकदम तीव्र होते आणि कण तिथे चिकटतात. दुसरा उपाय अधिक रुळला. नॉर्वेतील रसायनशास्त्रज्ञ यॉन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अगदी एकसारख्या आकाराचे पॉलिस्टायरिनचे मणी बनवण्यात यश मिळवले आणि पुढे त्या मण्यांच्या छिद्रांत लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण भरण्यात आले. आज प्रयोगशाळेत ज्यांना नुसते ‘बीड्स’ म्हणतात ते पुष्कळदा असेच एक ते पाच मायक्रोमीटरचे मणी असतात. आपली तांबडी रक्तपेशी सुमारे सात मायक्रोमीटरची असते, त्यावरून आकाराची कल्पना येईल. नॅनोकण आत, मणी बाहेर. त्यामुळे विसरण्याचा गुण टिकतो आणि ओढही भरपूर मिळते, मात्र गुंठाभर जागेवर पाणी सोडावे लागते: एक मायक्रोमीटरच्या भरीव मण्यांच्या ग्रॅमभर भुकटीत जेमतेम तीन-चार चौरस मीटर उरतात. कमी जागेत भागत असेल तर मणी घ्यावेत आणि जास्त प्रथिन हवे असेल तर नॅनोकणांची कटकट सोसावी, असे माझे मत आहे.

कण तयार झाला तरी तो अजून आंधळाच असतो. उघडे मॅग्नेटाइट आम्लात विरघळते, हवेत हळूहळू बदलते आणि समोर येईल ते अंगाला लावून घेते. म्हणून त्यावर सिलिकाचा, डेक्स्ट्रानचा किंवा एखाद्या पॉलिमरचा थर देतात. सिलिकासाठी १९६८ ची स्टोबर पद्धत वापरली जाते. या थरावर रासायनिक बंधांनी आकडा बसवतात आणि सगळी निवड हा आकडा करतो. सर्वांत प्रचलित जोडी निकेल आणि हिस्टिडिनची आहे. हिस्टिडिन हे प्रथिनांतले एक अमिनो आम्ल आहे आणि त्याच्या बाजूला असलेले अणूंचे कडे निकेलच्या आयनाला धरते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधील रोश कंपनीच्या संशोधकांनी याचा नेमका उपयोग केला: प्रथिनाच्या जनुकातच फेरफार करून त्याच्या टोकाला लागोपाठ सहा हिस्टिडिन जोडायचे. या शेपटीला हिस-टॅग म्हणतात. कणावर निकेल, प्रथिनाला शेपटी, आणि दोघांची गाठ. सोडवण्याची युक्तीही तितकीच चतुर आहे. हिस्टिडिनचे ते कडे सुटे मिळते, त्याला इमिडाझोल म्हणतात. ते द्रवात भरपूर टाकले की सुट्या कड्यांची इतकी गर्दी होते की निकेलवरची जागा तेच बळकावतात आणि प्रथिन मोकळे होते.

प्रतिपिंडांसाठी (अँटिबॉडींसाठी) आकडा वेगळा असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या अंगावरचे ‘प्रोटीन ए’ हे प्रथिन इंग्रजी Y सारख्या दिसणाऱ्या प्रतिपिंडाच्या दांड्याला घट्ट धरते. पीएच तीनच्या आसपास आणला की पकड सुटते, पण त्या आम्लात प्रतिपिंड जास्त वेळ ठेवले तर ते बिघडते, म्हणून पुढच्या नळीत आधीच अल्कधर्मी बफर, म्हणजे पीएच स्थिर राखणारे द्रावण, घालून ठेवतात. बायोटिन हे जीवनसत्त्व आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांची गाठ तर निसर्गातल्या सर्वांत पक्क्या गाठींपैकी आहे. तपासणीसाठी ती सोन्यासारखी आहे, पण धरलेले परत सोडवायचे असेल तर मी तिच्या वाटेला जाणार नाही.

प्रत्यक्ष काम कसे दिसते ते पाहायचे तर हिरवे चमकणारे जीएफपी हे प्रथिन घेणे सोयीचे पडते. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ते जेलीफिशमधून वेगळे केले होते; आम्ही हिस-टॅग जोडलेले जीएफपी बनवणारे जिवाणू वाढवतो आणि फोडतो. दीड मिलिलिटरच्या छोट्या नळीत तो गढूळ काला असतो आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला निळसर टॉर्च मारला की सगळी नळी हिरवी उजळते. त्यात तपकिरी बीड्सचे पन्नास मायक्रोलिटर घालायचे आणि अर्धा तास नळी हळूहळू उलटसुलट फिरवत ठेवायची. मग ती चुंबक बसवलेल्या स्टँडमध्ये उभी करायची. पहिल्या काही सेकंदांत काहीच घडत नाही असे वाटते, मग द्रव एका बाजूने निवळू लागतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत नळीच्या भिंतीवर काजळाचे बोट ओढावे तसा काळपट पट्टा जमतो. आता टॉर्च मारला तर द्रव फिकट आणि पट्ट्याची कड हिरवी दिसते. पिपेटने द्रव काढून टाकायचा, नळी चुंबकापासून दूर करायची, स्वच्छ बफर घालून बीड्स पुन्हा पसरू द्यायचे, पुन्हा चुंबकाशी न्यायचे. असे तीनदा धुऊन शेवटी इमिडाझोलचा बफर घातला की हिरवेपणा पट्ट्याला सोडून द्रवात उतरतो. नवीन विद्यार्थ्याच्या हातून पिपेटचे टोक हमखास त्या पट्ट्याला लागते आणि निम्मे बीड्स टाकाऊ द्रवात जातात. कधी धुण्याच्या मध्ये नळी उघडी राहते, बीड्स वाळतात आणि नंतर नीट सुटे होत नाहीत. एकदा कोणीतरी बफरमध्ये सवयीने ईडीटीए घातले होते. ते धातूंचे आयन पकडते, त्यामुळे बीड्सवरचे निकेलच निघून गेले आणि सगळे प्रथिन पहिल्याच धुण्यात वाहून गेले. चुंबकाने मात्र त्या दिवशीही आपले काम चोख केले होते. पट्टा नेहमीसारखाच जमला होता.

भारनियमनाच्या दिवसांत या स्टँडचे महत्त्व मला विशेष पटले. सेंट्रिफ्यूज फिरता फिरता वीज गेली की अर्धवट बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो. स्टँडमधल्या चुंबकाला वीज लागत नाही.

प्रत्येक प्रथिनाला शेपटी जोडता येते असे नाही. अन्नातली प्रथिने आहेत तशीच काढावी लागतात आणि त्याचे चांगले उदाहरण दुधाचे आहे. सांगली-साताऱ्याच्या दूध पट्ट्यात पनीर बनवल्यावर हिरवट-पिवळसर पाणी उरते. कच्च्या दुधापासून, फार न तापवता मिळवलेल्या अशा निवळीत लॅक्टोफेरिन नावाचे लोह धरणारे प्रथिन अल्प प्रमाणात असते. लोहाने भरले की त्याचा रंग गुलाबीसर होतो. ते वेगळे काढण्याची किल्ली त्याच्या विद्युतभारात आहे. दुधाचा पीएच साधारण ६.६ असतो. त्या पीएचला निवळीतली बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आणि अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन ही मुख्य प्रथिने ऋणभारित असतात, तर लॅक्टोफेरिन धनभारित असते. तेव्हा कणाच्या पृष्ठभागावर ऋणभारित गट बसवले की लॅक्टोफेरिन त्याकडे येते आणि बाकीची प्रथिने दूर राहतात. सोडवायला मिठाचे तीव्र द्रावण पुरते. इथे आकडा म्हणजे नुसता विद्युतभार आहे, त्यामुळे तसाच भार असलेली लॅक्टोपेरॉक्सिडेजसारखी प्रथिनेही बरोबर येतात आणि पुढे आणखी एक पायरी करावी लागते.

मिरजेत तपासणीला रक्त दिलेल्या अनेकांच्या बाबतीत ही पद्धत नकळत वापरली गेलेली आहे. थायरॉइडची टीएसएच तपासणी करणाऱ्या बऱ्याच स्वयंचलित यंत्रांमध्ये प्रतिपिंड बसवलेले चुंबकीय कण रक्तातले टीएसएच धरतात, यंत्रातले चुंबक त्यांना भिंतीशी रोखून धरते, बाकीचे धुतले जाते आणि मग उरलेल्यावरून उमटणारा प्रकाश मोजला जातो. २०२० मध्ये कोरोनाच्या तपासणीत विषाणूचा आरएनए काढायलाही सिलिकाचा थर दिलेले चुंबकीय बीड्स मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. शेकडो छोट्या नमुन्यांवर एकाच वेळी, यंत्राच्या हाताने काम करायचे असेल तर या पद्धतीला तोड नाही. औषध कारखान्यात हजारो लिटर द्रवातून प्रथिन काढायचे असते, तिथे मात्र अजून कॉलमचेच राज्य आहे. बीड्स महाग पडतात, ते पुन्हा पुन्हा वापरताना आकडे झिजतात, आणि एवढ्या मोठ्या टाकीच्या मध्यापर्यंत चुंबकाची ओढ पोहोचत नाही.

शुद्धता किती साधली हे डोळ्यांनी पाहण्यासाठी शेवटी जेल चालवतात. प्रथिनांना त्यांच्या आकारानुसार विजेच्या साहाय्याने एका पातळ जेलमधून पळवायचे आणि निळा रंग द्यायचा. फोडलेल्या पेशींच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत दाट निळ्या रेघांची शिडी दिसते. बीड्सवरून सोडवलेल्या द्रवाच्या रकान्यात २७ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाचे वस्तुमान मोजायचे एकक) थोडे वर जीएफपीची एक ठसठशीत रेघ असते. मात्र नीट पाहिले तर पुष्कळदा ७४ किलोडाल्टनजवळ आणखी एक पुसट रेघ सापडते. विद्यार्थी म्हणतात, सर, धुणे कमी पडले. ते अर्धेच खरे असते. ही रेघ जिवाणूच्या स्वतःच्या आर्न-ए नावाच्या प्रथिनाची असते. त्याला कोणी शेपटी जोडलेली नसते, पण त्याच्या पृष्ठभागावर मुळातच हिस्टिडिनचा पुंजका उघडा पडलेला असतो आणि निकेलला त्या दोघांतला फरक कळत नाही. म्हणून पुढच्या खेपेला आम्ही धुण्याच्या बफरमध्येच थोडे इमिडाझोल घालतो, वीस मिलिमोलर इतक्या संहतीपासून सुरुवात करतो, आणि ती पुसट रेघ जाईपर्यंत पण हिरवा रंग धुण्यात उतरायला लागण्याआधी थांबतो.